एकतीस पिना

एका नवरीला एकतीस पिना लागतात.
मोजून सांगते. त्यातल्या सात तर निव्वळ डाव्या खांद्याला,
पदराच्या निऱ्या पट्टीनं आखल्यागत बसाव्या म्हणून.
बेनोड्यापासून शेंदुरजना घाटापर्यंत
माझ्या हातची निरी हलली, असं कोणी म्हणत नाही.

म्हणून ती युक्तीही माझीच.
गाडीचा पट्टा खांद्यावरून आला
की निऱ्यांचा चुरा होतो, जर मुडपते.
"हात वर कर," मी म्हणायची,
आणि पट्टा काखेखालून ओढून द्यायची.
समोरून फोटोत दिसायचासुद्धा नाही.

पोरी शिकल्या. पोरींनी पोरींना शिकवलं.
नर्सिंगवाल्या इस्त्रीसाठी तो पाठीमागं टाकायच्या,
गॅदरिंगला निघालेल्या घागऱ्यातल्या दोघी एकाच पट्ट्यात,
कोणी बकल आधीच लावून त्याच्यावर बसायची,
म्हणजे गाडी कोकलत नाही.
मोर्शीच्या नाक्यावर खाकी दिसली
की सगळ्या पट्टा छातीशी धरून प्रार्थनेला उभ्या असल्यागत सरळ.
नाका गेला की सोडला,
सर्रकन तो आपल्या बिळात.

मागच्या सीटला पट्टा असतो
हे तर मलाच उशिरा कळलं.
गुणवंताच्या गाडीत तो मखमली कव्हरखाली
संत्र्याच्या बिया आणि जुन्या अक्षतांत गाडलेला होता.
तेजल बोबडेच्या बापानं तो हट्टानं उकरून काढायला लावला,
आणि आम्ही दोघींनी
तो काखेतून घेतला.

हिवरखेडच्या अलीकडे बागेतून रोही आडवा आला.
गुणवंतानं ब्रेक दाबला. एवढंच.
रोही उडी मारून गेला, गाडीला ओरखडा नाही.
तेजल म्हणाली, "पिन टोचली वाटते व ताई."
मी पिन शोधत राहिले.
एकतीसच्या एकतीस जागेवर.
निरी एक हलली नव्हती.

अंतरपाटामागं ती श्वास
उसना आणल्यागत थोडा थोडा घेत होती.
लोक म्हणाले, नवरी लाजरी आहे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं फिल्म उजेडाला धरली.
तीन बरगड्या, एका ओळीत,
पट्टा गेला होता तिथूनच.
"खांदा झेपवतो," तो म्हणाला, "बरगडी नाही झेपवत.
कोणी शिकवलं हे हिला?"
तेजलनं माझ्याकडे पाहिलं.
हसायला तिला दुखत होतं, तरी हसली.
"कोणी नाई."

त्या रात्री गुणवंताच्या उभ्या गाडीत
मी चारही जागांवर बसून पाहिलं,
घरचीच साडी नेसून, सात पिना लावून.
ड्रायव्हरच्या मागं बसलं
की पट्टा उजव्या खांद्यावरून येतो.
पदर डावीकडे, पट्टा उजवीकडे,
दोघांची भेटच नाही.
बारा वर्षं मी निऱ्या घालते.
बारा वर्षांत एकदाही
गाडीच्या पलीकडच्या दारानं चढले नव्हते.

आता पाठवणीला भांडण ठरलेलं.
"नवरी डाव्या अंगाले बसते, बाप्पा!
उजवीकडे कुठी बसवतं तिले?"
बोहल्यावर बसली ना डावीकडे, मी म्हणते,
आता रस्त्यानं जायचं आहे.
काही मावश्या ऐकतात.
काही माझं बिल कापतात.

परवाची रसिका मात्र समोरच बसणार म्हणून अडली.
मग मी खांद्याच्या पिना काढल्या, सातच्या सात,
आणि पट्टा वरून घेतला, पदरावरूनच,
खटका ऐकू येईपर्यंत.
हॉलला उतरली तर
खांद्यापासून कमरेपर्यंत एक तिरकी चुणी.
"मॅडम, एवढं नीट करा," फोटोवाला म्हणाला.
हो, म्हटलं,
आणि पिनांची डबी शोधत राहिले,
हातातच होती ती,
जरा वेळ लावून.