वरची पायरी

बुधवारच्या बाजारात, गोदाघाटावर,
ओजसने स्वतःच्या चपला काढल्या
आणि चार पायऱ्या चढून वर नेऊन ठेवल्या.
मग माझ्या. मग चार्वीच्या.
मग मेथीवाल्या मावशींच्याही,
त्या जुडी बांधत असताना, न विचारता.
"आरं पिल्ल्या, कुठं निघाला घेऊन?"
तो म्हणाला, पाणी येईल ना.

तीन वर्षांचं पोर. सगळं आयुष्य हट बेला गेलं त्याचं,
जिथे समुद्र दिवसातून दोनदा अंगणापर्यंत येऊन
काय काय बाहेर राहिलंय ते बघून जायचा.
बादली नेली, घमेलं नेलं,
एकदा माझं हेल्मेट.

शुभदा तिथल्या आरोग्य केंद्रात सिस्टर.
मी सातपूरची नोकरी सोडून
तिच्या मागोमाग गेलेला नवरा:
भात लावणे, लंगोट वाळवणे,
पोरांच्या कानातली वाळू काढणे.

बोट आली की कांदे यायचे,
कधी पंधरा दिवसांनी, कधी महिन्याने,
निम्म्यांना कोंब फुटलेले.
शुभदा पिशवीत नाक खुपसून म्हणायची,
हा आपल्याकडचा, लासलगावचा, पैज लाव.
चार्वी मोजायची. अकरा. मंगळवारपर्यंत पुरवायचे.
इथे आलो तर आत्याने निफाडहून गोणीच पाठवली.
चार्वी बाल्कनीत बसली मोजायला,
एकशे सातवर झोप लागली तिला
गोणीला टेकून.

तिथे पाचला अंधार पडायचा.
घड्याळ हेच, देश हाच,
पण इथे साडेपाचला ऊन अजून टाकीवर चढलेलं
आणि ही दोघं जांभया देत ताटं मांडतात.
मी पडदे ओढून रात्र करतो.
पहाटे चारला दोघं टक्क जागी,
गंगापूर रोडवर दूधवाल्याच्याही आधी.

शाळेत सांगितलं, पाण्यात राहणारा प्राणी काढा.
चार्वीने खेकडा काढला,
पाठीवर शंखाऐवजी बाटलीचं निळं झाकण.
बाई म्हणाल्या, असा नसतो गं.
असतो, ती म्हणाली,
आणि तो घर बदलत असला की
तिकडे बघायचं नसतं.

शुभदाची बदलीची ऑर्डर मार्चअखेर निघेल.
निघेल म्हणतात.

घाटावर मी ओजसला समजावत होतो:
ही नदी आहे, राजा. ही एकाच बाजूला जाते.
मग परत कधी येते?
येत नाही.
मग जाते कुठे?
लांब. पूर्वेच्या समुद्राला.
म्हणजे आईच्या?
मी जरा थांबलो. म्हटलं, हो, त्याच बाजूच्या.
त्यावर दोघंही गप्प झाली
आणि पाण्याकडे असं बघू लागली
जसं स्टँडवर सुटणाऱ्या गाडीकडे बघतात.

सव्वासहाला मावशींनी टोपली उचलली.
"धरणातनं सोडलंय वाटतं आज," म्हणाल्या,
आणि खरंच, खालची पायरी नव्हती.
गाजरवाल्याचं पोतं भिजलं, तो शिव्या देत उठला.
मावशी अनवाणी, चपला शोधत वर गेल्या
तर तिथे चारही जोड ओळीने, कोरडे,
दुतोंड्या मारुतीकडे तोंड करून.
"ह्याला कुणी सांगितलं रं?"
त्यांनी ओजसच्या हातात एक मुळा दिला,
सबंध, पाल्यासकट.

तेवढ्यात रेंज लागली तिकडची.
काय करताय, शुभदाने विचारलं,
मागे जनरेटरचा आवाज.
म्हटलं, पाणी चढलंय इथे, एक पायरी.
ती हसली. इथे उतरलंय, म्हणाली, पार प्रवाळापर्यंत,
आणि पुढचं कापलं गेलं.

चला आता, म्हटलं, अंधार झाला.
ओजस चपलांवर बसून राहिला,
मुळा मांडीवर घेऊन.
अजून येईल, म्हणाला.