अदलाबदल

केर्तू आली तेव्हा मी उडूला खरारा करत होते.
आयाळीचे तीस केस हवेत म्हणाली, मुळासकट,
कापलेले चालत नाहीत,
जे काही लिहिलेलं असतं ते मुळाशी.
उडूनं मान झटकली.
लिफाफ्यावर तिनं त्याचं नाव घातलं,
उडू, म्हणजे धुकं,
तसाच रंग, आणि पाठीवरून शेपटीपर्यंत एक काळी रेघ.

सहा आठवड्यांनी कागद आला.
बेटाच्या आमच्या बाजूला एकोणीस घोड्या.
त्यातल्या चौदा त्याच्या लेकी,
तीन लेकींच्या लेकी,
एक त्याची आई.
"राहिली एक," मी म्हटलं.
"ती वांझ आहे, साल्मे."

देखणा होता, म्हणून तर सगळे माझ्याच दारात
घोड्या फळवायला आणायचे.
सोळा वर्षं.
मी पैसे नाही घेतले. बटाटे, मध,
एकदा शिवणयंत्र.

कोलखोजच्या काळात लहान घोडं
म्हणजे अर्धा ट्रॅक्टरसुद्धा नाही;
वजन करून सॉसेजला जायची.
बाबांनी उडूच्या पणजीला
जुनिपरच्या झुडपांत बांधून ठेवलं
आणि वहीत लिहिलं, पोटशूळ, मेली.
कागदावर मेली म्हणून ती जगली.
हा कागदावर फार झाला
म्हणून ह्याला जायचं.

बदल्यात हीउमा बेटावरून तर्व आला.
नावाप्रमाणे डांबर. बसकी पाठ,
डोकं पिंपाएवढं,
उतरल्या उतरल्या माझ्या खांद्याला चावला.
"ह्याच्यात आहे काय एवढं?"
केर्तू खरं बोलते, तेवढं मानावं लागेल:
"ते अजून ठाऊक नाही.
आपल्याकडे नाही, एवढंच कळलंय."

धक्क्यावर उडू खिंकाळला नाही.
बोटीत चढताना लोखंडी फळीवर
एकदा खूर आपटून पाहिला,
गोठलेल्या समुद्रावर पाय टाकण्याआधी
पाहायचा, तसा.
मग गेला.
मी शिवणयंत्र विकून टाकलं. का, ते विचारू नका.

मे महिन्यात, पहाटे तीनला,
उडूची थोरली लेक व्याली.
शिंगराचं डोकं केवढं थोरलं,
गुडघे आत वळलेले,
रंग अजून ठरत नाहीये.
कंदील जवळ नेऊन बराच वेळ बघितलं.
आईसारखं नाही. त्या चावऱ्यासारखंही नाही.
माझ्या ओळखीच्या कुणासारखंच नाही.

केर्तूला आज कळवत नाही.
आयाळ अजून ओली आहे.