चुन्याची रेघ

चिमणबागेत पहाटे साडेपाचला
मी पहिली रेघ ओढली ती वाकडी आली.
गद्रे मास्तर म्हणाले, दोरीकडे बघू नकोस,
पलीकडच्या खुंटीकडे बघ.
नोकरीचं शिक्षण एवढंच. पुढची एकतीस वर्षं
मी खुंटीकडे बघत राहिलो.

जिल्हा खो-खो संघटनेचा पगारी सहसचिव.
संघटनेत पगार एकच, माझा,
तोही तीन-तीन महिने अध्यक्षांच्या खिशात उबत पडलेला.
सासरे विचारायचे, "म्हणजे तुम्ही नक्की खेळता काय?"
मी रेल्वेच्या सवलतीचे फॉर्म भरतो.
धर्मशाळेच्या सतरंज्या मोजून घेतो, मोजून देतो,
एक कमी भरली तर आमच्या घरातली जाते.
चोवीस मुलींना अठ्ठेचाळीस केळी,
अकोल्याच्या मीटरगेजमध्ये खिडकीपाशी कोण यावरून भांडण,
ते मिटवणं हेही माझंच,
आणि पंच रुसलाच तर छप्पन रुपयांची जिलबी,
खर्च 'किरकोळ'खाली.

सत्त्याऐंशी साली मानपूरची रेवा बोरासी.
खांबाला वळसा घालताना आधी ती वळायची की तिची वेणी,
पंचांनाही सांगता यायचं नाही.
जन्म एक एप्रिलनंतरचा हवा होता.
दाखल्यावर एकवीस मार्च.
तिचा बाप सायकलवर आला, हँडलला मेथीची पिशवी.
"साब, तारीख मास्तरनं घातली, त्याच्या मनानं.
ही झाली तेव्हा आम्ही गहू कापत होतो, एवढंच ठाऊक."
मी नियम क्रमांक सात वाचून दाखवला.
दोनदा. दुसऱ्यांदा सावकाश.
मग पट्टी लावून नाव खोडलं.
रेघ अगदी सरळ आली.
मेथी तो ठेवूनच गेला.

त्याच आठवड्यात, आता सांगायला हरकत नाही,
मुलांच्या संघासाठी अध्यक्षांच्या भाच्याचा दाखला आला.
शाई ओली होती, माझ्या बोटाला लागली.
मी बोट रुमालाला पुसलं
आणि शिक्का मारला.

वार्षिक अहवालात यातलं काही नाही.
अहवालात: मुली उपांत्य फेरीत पराभूत,
मैदान समाधानकारक,
शिल्लक एकशे बारा रुपये चाळीस पैसे.

निरोपाला शाल मिळाली, नारळ मिळाला,
भाषणात माझं नाव एकदा चुकलं.
नव्या साहेबांनी किल्ल्या मोजून घेतल्या. चांगली सवय.
मॅटवर रेघा छापूनच येतात म्हणाले,
मग या चुन्याच्या पोत्यांचं काय?
मी म्हटलं, राहू द्या कोपऱ्यात,
ओल लागून निम्मी दगड झालीच आहेत.

नाकारलेले अर्ज पाच वर्षांनी फाडायचे, असा नियम आहे.
मी सगळे फाडले. एक सोडून.
फोटोत ती हसत नाही,
फोटोवाल्यानं श्वास रोखायला सांगितलं असणार.

मध्यंतरी धामनोदला एका लग्नाला चाललो होतो, दहा एप्रिल.
बस मानपूरला चहासाठी थांबली.
सगळे उतरले. मी बसून राहिलो,
खिडकीची काच सरकवली.
रस्त्याच्या डाव्या अंगाला दोन बायका विळे घेऊन वाकलेल्या,
आणि त्यांच्यापुढे
निम्मा गहू अजून उभा.