नाकाची नोकरी

मी टाकळीच्या मलजल केंद्रात असते, प्रयोगशाळेत.
अर्ध्या शहराचं सांडपाणी
रोज बाटल्यांत भरून माझ्या टेबलावर येतं.
यंत्र नंतर बोलतं, नाक आधी.
साबणाचं कोणतं, खाटकाकडचं कोणतं,
रविवारच्या मटणानंतरचं सोमवारचं सिडको कोणतं,
झाकण उघडायच्या आत सांगते.

आणि घरातल्या दोन फुटी टाकीपुढे
आठवडाभर हरले.

वास मंगळवारी आला.
आधी सिंकखालचे कांदे उपसले.
मग फ्रिज पुढे ओढला, मग मोरीची जाळी.
दिगंबरचे कंपनीतले बूट
काही गुन्हा नसताना गॅलरीत गेले.
शेवटी काचेपाशी वाकले,
तर परगावच्या स्टँडवर ऑफिसातला माणूस दिसावा
तसा तो भेटला.
तू? इथे?

शनिवारी लाईट गेली होती, सहा तास.
फिल्टर बंद, बुडबुडे बंद,
म्हटलं, पाणी गुदमरलं असेल.
स्पंज पिळला, निम्मी बादली काळी.
टाकीच्याच पाण्यात पिळला, नळाच्या नाही;
कामाच्या जंतूंना कसं सांभाळायचं
ते मला कुणी शिकवू नये.
दोन दिवस बरे गेले.
मग पुन्हा.

भद्रकालीतले इर्शादभाई म्हणाले,
मेलंय का कुणी, मोजा आधी.
मोजले. चार मॉली, दोन गोल्डफिश,
भिंत चाटत फिरणारा तो एक मिशाळ.
एक गोगलगाय मात्र मोटरमागे निघाली,
शंखात उरलंसुरलं.
बोटं दुपारपर्यंत डब्याजवळ नेववेनात.
झाडाची विरघळलेली पानं खुडली,
मेथी निवडावी तशी.
तरी वास होताच.

मग खड्यांत पेन्सिल खुपसली.
तळातून एक बुडबुडा सुटला, वर आला, फुटला:
सडकं अंडं.
खाली सगळं काळं, आणि त्या काळ्यात
लाल, पिवळे, फुगलेले दाणे,
ओंजळभर.

मीनाक्षी जाताना म्हणाली होती,
चिमूटभर, दिवसातून एकदा,
दोन मिनिटांत संपेल एवढंच.
हॉस्टेलची बॅग खांद्यावर, एक पाय लिफ्टमध्ये.
ऐकलं तिघांनी.

मी टाकायची सकाळी, कणीक भिजवायच्या आधी.
दिगंबर रात्रपाळीहून आला की, हेल्मेटसुद्धा न काढता.
आप्पा दुपारी, टीव्हीवरच्या बातम्या संपल्या की,
काचेला बोट लावून, अहिराणीत,
खाय ले माय, खाय ले.
कुणी कुणाला सांगितलं नाही.
त्यात सांगायचं काय?
आणि माशांचं म्हणाल तर
तिघांपुढेही त्यांनी तोंड वर करून
कालपासून काही नाही असंच सांगितलं.

फोनवर ती तिघांना वेगवेगळं विचारते, मासे कसे आहेत.
आम्ही वेगवेगळं सांगतो, मजेत.

जेवताना विषय काढला.
मी एकदाच टाकतो, दिगंबर म्हणाला.
मी पण एकदाच.
आप्पा वरणात भाकरी चुरत राहिले,
चुरून झाली तरी चुरत राहिले.

पाइप लावून तळ उपसला,
ते पाणी कढीपत्त्याच्या कुंडीला.
तीन दिवस कडक उपास, असं मीच जाहीर केलं,
आणि खाऊची डबी वर, नाचणीच्या पिठामागे.

तिसऱ्या रात्री झाकण उचलून हुंगलं.
काही नाही. जराशी ओली माती.
चांगल्या पाण्याला एवढाच वास असतो.

दोनच्या सुमाराला जाग आली.
दिगंबरची सुटी, तरी शेजारची उशी रिकामी.
स्वयंपाकघरात पिठाचा डबा सरकला,
मग हॉलमध्ये काच वाजली, हळूच,
मग आप्पांचा खोकला,
मग कुणीतरी कुणाला तरी शू म्हणालं.

मी उठले नाही.
किती टाकलं ते
परवापर्यंत कळेलच मला.