पंचाहत्तरातून वजा

फॉर्मचा अकरावा रकाना: वय.
बारावा मी ऑफिसात परतल्यावर भरतो,
पंचाहत्तरातून वजा करून.

गोम्बदच्या पुढे, डांबर संपतं तिथे ओगुलसोनाचं घर.
दारात मोटारसायकल, सात हप्ते बाकी.
तिने चहा ओतला आणि मी सवयीने घड्याळ पाहिलं.
ओतल्यापासून ओठांपर्यंत किती वेळ,
तेही विचारायचं असतं.
"निवला तर तो चहा कसला?
सासरे उकळता प्यायचे, नव्वदीला टेकले.
लिहा की हेही."
त्याला रकाना नव्हता.

अन्नागेल्दी. शुक्रवारी जन्मला म्हणून हे नाव.
बावन्न.
तारखा तिला आठवत नाहीत.
भोपळे उतरवले तेव्हा रोटी अडली,
नवरोजला भात,
मेंढ्या कातरल्या त्या आठवड्यात पाणी.

"मला वाटलं रुसलाय.
जाऊ म्हणाली होती, तुझ्या हाताला चव नाही.
मी पीठ बदललं. तंदूर नव्याने लिंपला.
भांडले, खूप भांडले.
तो मान खाली घालून चावत राहायचा,
चावतच राहायचा,
आणि मी पाठ वळवली की ताट रिकामं."

चाळिसाव्यानंतर तिने त्याचा कोट धुवायला काढला.
अस्तर उसवलेलं, आत रोटीचे तुकडे,
चावून चावून गोळा झालेले,
वाळून खडे.
एकाला तीळ अजून चिकटलेले.

बरणी तिने माझ्यासमोर ठेवली.
"कुत्र्यालाही घालवेनात."
मी मोजू लागलो होतो.
तिने झाकण लावलं.

"बाराव्यात काय लिहिणार?"
तेवीस, म्हणालो. वाया गेलेली वर्षं.
राजधानीत ती अन्ननलिका, जठर, यकृत, आतडी
अशी वेगवेगळी लावतात,
मग साऱ्या देशाची बेरीज होते.

ती बराच वेळ गप्प.
बाहेर कुणीतरी मोटारसायकलला किक मारत होतं,
ती लागत नव्हती.
"वाया कशी?" ती म्हणाली.
"इथेच आहेत की.
मलाच काढायचीत."

मग माझा पेला उचलला, बोट बुडवून पाहिलं,
थंड म्हणून अंगणात ओतला,
आणि दुसरा भरला.
वाफेत तिचा चेहरा दिसेना.

मी घड्याळ बाहीत सारलं
आणि थांबलो नाही.