काही जळतंय का?

डॉक्टरांनी विचारलं, फीट येण्याआधी
नसलेला वास येतो का कसला?
येतो. करपलेल्या कांद्याचा.
ते लिहू लागले, मग थांबले. गाव कुठलं तुमचं?
पेइपुस तळ्याकाठचं, म्हटलं,
घरात छतापर्यंत कांद्याच्या वेण्या,
मागे नवऱ्याची मासे धुरावायची खोपी.
नसलेला वास आमच्या गावात
ओळखायचा कसा, ते तुम्हीच सांगा.

सात वर्षं.
आधी थायरॉइड. मग पाळी जायचं वय.
मग तार्तूच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं,
घरी सगळं ठीक आहे ना?
लावरेन्ती बाहेर बाकावर, टोपी मांडीवर घेऊन बसलेला.
जाताना त्यांनी त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं
ती त्याच्या मनातून अजून गेलेली नाही.
एमआरआय स्वच्छ. स्वच्छ म्हणताना सगळे हसतात,
जणू डोकं मीच घासूनपुसून ठेवलं होतं.

एका गोळीनं शब्द नेले. आठवडाभर
चमच्याला मी 'ते ढवळायचं' म्हणत होते.
दुसरीनं राग आणला.
समोवारचं झाकण भिंतीवर फेकलं,
त्याला पोचा आहे अजून.
तिसरीनं काहीच केलं नाही.

मग पाच दिवस दवाखान्यात.
डोक्याला पंचवीस वायरी, समोर कॅमेरा,
गोळ्या बंद, झोप बंद.
ये गं, ये, म्हणत होतो सगळे,
पाहुणीची वाट बघावी तशी.
मी जागी राहावं म्हणून मारिका नर्स
पहाटेपर्यंत पत्ते खेळायची, आणि जिंकायची.
पाहुणी आली नाही.
सहाव्या दिवशी, डिंक धुतलेले ओले केस रुमालात बांधून
बसच्या रांगेत उभी होते.
पुढच्या बाईच्या पिशवीत बीट होते,
मी मोजत होते, तीन, चार, पाच आणि

लावरेन्ती म्हणतोय, गेली बस. असू दे. पुढची आहे.
माझ्या हातात कुणाचं तरी बीट.

शेवटी त्यानंच पकडली तिला, फोनमध्ये.
अर्धा वेळ त्याचा अंगठा दिसतो, मग छत, मग मी.
उजवा हात टेबलाची कड सोलतोय,
कांद्याची साल काढावी तसा,
आणि माझ्या तोंडून कुणीतरी विचारतंय,
कोण आलं? कोण आलं? कोण आलं?
इतका मऊ आवाज
मी आजवर कुणासाठी काढला नव्हता.
डॉक्टरांनी तीनदा पाहिलं. मग नाव सांगितलं.
मी रडले. लावरेन्तीला वाटलं, वाईट बातमी.

चौथी गोळी चालू आहे.
महिन्याला अकरा यायच्या, आता चार.
तळ्यावर एकटीनं जायचं नाही. शिडी नाही. चूल नाही.
शेजारची उलियाना अजून नाकाशी कांदा धरते,
धरू दे, तिचंही मन राहतं.

आणि वास आला की विचारायचं, असा आमचा ठराव:
काही जळतंय का?
तो उठतो, खोपीचं दार उघडून बघतो.
खोटं बोलायचं नाही, हेही ठरलंय.
नाही म्हणाला, की मी सुरी खाली ठेवते,
खुर्ची टेबलापासून लांब ओढते,
तो शेजारी येऊन बसतो, घड्याळ काढून.

परवा दारातूनच ओरडला,
जळतंय! खालची सगळी रांग कोळसा झालीय!
सोळा ब्रीम मासे. आठवड्याची कमाई.
मी इतकी हसत सुटले, इतकी,
की घाबरून तो फोन शोधायला धावला.