बावीस मीटर, अखंड

महाराणी रोडवर गोयलशेठ विचारतो,
"लोड कितना है, भिया?"
मी नलूताईला फोन लावतो.
मागच्या खोलीत काय काय चालणार?
एक ट्यूब, म्हणते. एक पंखा. शिलाई मशीनची मोटर.
इस्त्री लागेलच, शिवणी दाबायला.
मग बराच वेळ काही नाही,
फक्त तिच्याकडच्या कुकरची शिट्टी.
मग, "गीझरसुद्धा धर."

आत्ता एप्रिल आहे.
इंदूरला गरम पाणी लागतं डिसेंबरात.
"साडेतीन किलोवॅट," मी शेठला सांगतो
आणि आवाज उगाच मोठा निघतो.

ॲल्युमिनियम स्वस्त. तो वाकवून दाखवतो.
मला ठाऊक आहे, टोकाशी ते हळूहळू सैल पडतं,
आधी गरम होतं, मग काळं.
तांबंच द्या. तीन कोअर, चार चौरस, आर्मर्ड.
कापलेल्या तोंडातून तीन रंग दिसतात,
त्यांच्याभोवती पोलादी तारांचा पीळ,
वर पुन्हा काळी कातडी.
एवढं चिलखत घुशीसाठी, वाळवीसाठी,
आणि पाच वर्षांनी डाळिंब लावायला निघालेल्या
माझ्याच कुदळीसाठी.

कोपऱ्यात एक तुकडा पडलाय, एकोणीस मीटर.
"आधे में ले जाओ. तीन मीटर जोड लेना.
मिट्टी डाल दी, फिर कौन देखता है?"

एकतीस वर्षं मी विद्युत मंडळात
जमिनीखालचे फॉल्ट शोधले, शेठ.
पाणी बघतं.
कुणी बघो न बघो, पाणी बघतं.
जोड द्यायचाच तर जमिनीवर द्यावा,
डब्यात, झाकण उघडून पाहता येईल असा.
मला ड्रमवरून काप. बावीस,
आणि वर दोन.

राजेंद्रनगरात गेंदालाल चर खणतो, अडीच फूट.
ही माळव्याची काळी माती, स्वस्थ बसत नाही,
पावसात फुगते, उन्हात हात जाईल एवढी फाटते,
पोटात जे असेल ते ओढत राहते.
दुसऱ्या संध्याकाळी लिंबाजवळ कुदळ अडते:
अण्णांनी पंपासाठी टाकलेली जुनी वायर.
मधोमध जोड. टेपचे सात वेढे,
आत तांबं हिरवं, शेवाळासारखं.

म्हणजे हा होता तो.
दर श्रावणात नळाला हात लावला की झिणझिण.
आम्ही दोघं चप्पल घालून पाणी भरायला शिकलो,
सांगायला नाही.
देवासला सत्तावीस वर्षं
तिने बहुधा तेच केलं.

तळाला वाळू. तिच्यावर केबल,
ताणून नाही, जराशी नागमोडी.
पुन्हा वाळू, आडव्या विटा, लाल पट्टी, मग माती.
दोन्ही टोकांना एकेक वेटोळं राखून ठेवलं.
चिलखताला अर्थिंग दिलं, घरातल्या बोर्डात
जीव वाचवणारं बटण बसवलं,
आणि दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने नकाशा:
भिंतीपासून दीड हात, लिंबाच्या डावीकडून.
पुढे कोण खणेल, काय सांगावं.

नलूताई आली ती टेम्पोतून, मशीनला रजईत गुंडाळून.
ते बटण तिने दोनदा दाबून पाहिलं.
दोन्ही वेळा सगळं गेलं, दोन्ही वेळा आलं.
"हे वेटोळं कशाला? उगाच वाया."
"माती हलते," मी म्हटलं.
ती काही बोलली नाही. पायाने विटांवरची माती दाबत राहिली.

मग म्हणाली, सबमीटर लाव.
मी नको म्हटलं. ती म्हणाली, लाव.
भांडण तीन दिवस चाललं, मी हरलो.

आता तिच्या मापांच्या वहीत,
छाती चौतीस, बाही साडेनऊ, गळा मागे खोल,
यांच्याखाली त्याच निळ्या शाईत:
मे, पहिला आठवडा, चार युनिट.
गीझर अजून खोक्यातच आहे.